डुकराचे पाय आणि आपला रसविचार

भरतमुनींनी रसाची उपपत्ती सांगताना दृष्टांत घेतला तो स्वयंपाकघरातला. नाना व्यंजने, औषधी आणि द्रव्ये एकत्र आली म्हणजे ज्याप्रमाणे त्यांच्याहून निराळा असा रस निपजतो, त्याप्रमाणे नाना भावांच्या योगाने नाट्यरस सिद्ध होतो, हे नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायातील त्या विवेचनाचे तात्पर्य होय. पुढे पानकरसाच्या न्यायाने हीच कल्पना काव्यशास्त्रात रूढ झाली. हा दृष्टांत आपल्या समीक्षेत इतका मुरला आहे की, ज्या व्यवहारातून तो उचलला त्या पाकक्रियेकडे परत वळून तो तेथे तरी कितपत खरा उतरतो, हे तपासण्याची फारशी गरज आपल्याला वाटत नाही. प्रस्तुत टिपणात ती तपासणी एका अडचणीच्या पदार्थाच्या आधारे करावयाची आहे. हा पदार्थ म्हणजे डुकराचे पाय.

अडचणीचा म्हणण्याचे कारण असे की, पायात मांस जवळजवळ नसतेच. कातडी, कंडरा, कूर्चा आणि पुष्कळशी लहान हाडे, एवढाच त्याचा संसार. त्यांतील कोलॅजन नावाचे प्रथिन तीनचार तास मंद आचेवर पाण्यात शिजले म्हणजे त्याचे जिलेटिन होते, रस्सा दाट होतो आणि गार झाल्यावर थिजून बसतो. त्याची स्वतःची चव सौम्य असते. वास मात्र नीट साफ न केल्यास उग्र. म्हणजे पाय खाणारा मनुष्य प्राधान्याने एक स्पर्श खात असतो. आता प्रश्न असा की, स्पर्शाशी स्वाद जुळवावयाचा तो कोणत्या तत्त्वाने?

ह्या प्रश्नाला अलीकडच्या पाश्चात्त्य पाकविचाराने दिलेली उत्तरे समाधानकारक नाहीत. कॅरन पेज आणि अँड्र्यू डॉर्ननबर्ग ह्यांच्या २००८ मधील 'द फ्लेवर बायबल' ह्या ग्रंथात पदार्थांची नावे वर्णानुक्रमाने लावून प्रत्येकाखाली त्याला मानवणाऱ्या जिनसांची यादी दिली आहे. निकी सेग्निट ह्यांच्या २०१० च्या 'द फ्लेवर थिसॉरस'मध्ये नव्व्याण्णव स्वादांच्या जोड्यांचा विचार आहे. तो अधिक रसिकतेने केलेला आहे यात शंका नाही. पण तेथेही डुकराच्या मांसाला एक जागा आहे, पायांना वेगळी नाही. २०११ साली आन, आनर्ट, बॅग्रो आणि बाराबाशी ह्यांनी ५६,४९८ पाककृती आणि ३८१ जिनसा तपासून असे दाखविले की, पश्चिम युरोप व उत्तर अमेरिका येथील पाककृतींत समान गंधद्रव्ये असलेल्या जिनसा एकत्र येण्याकडे कल दिसतो, तर पूर्व आशियातील पाककृतींत असे साम्य टाळण्याकडे. निरीक्षण मोलाचे आहे. परंतु स्पर्श, रंग, उष्णता आणि आवाज ह्यांचे महत्त्व मान्य करूनही हे लेखक रुचीचा निर्णय मुख्यतः स्वादावर सोडतात. तेथेच आमचा मतभेद आहे. पायांच्या बाबतीत हा निर्णय उलटा लावावा लागतो.

कँटन प्रांतात बाळंतिणीसाठी करतात ती पाककृती पाहा. जून आले सोलून, कढईत कोरडे परतून, काळ्या गोड तांदळाच्या शिरक्यात घालतात आणि मातीच्या भांड्यात पुनःपुन्हा उकळत ठेवतात. मातीचे भांडे एवढ्यासाठी की, इतके आंबट द्रव्य धातूच्या भांड्यात फार वेळ ठेवणे बरे नव्हे. ह्याची तयारी प्रसूतीच्या आधीपासून चालते. मग उकळून धुतलेले पाय आणि सोललेली उकडलेली अंडी त्यात पडतात. मूल महिन्याचे झाले म्हणजे हा पदार्थ नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना वाटतात. येथे आले उग्र वास मारते हे उघड आहे. आंबटाचे काम मात्र दुहेरी आहे. जिभेवर बसणारा तुपकट थर ते मारते, आणि भांड्यात असताना हाडांतील चुना थोडासा विरघळवून रश्शात उतरवते. गोडीमुळे हा आंबटपणा टोचत नाही. गंधद्रव्यांच्या कोणत्याही कोष्टकात शिरका, आले आणि पाय शेजारी आले नाहीत म्हणून काही बिघडत नाही. त्यांची संगत नात्याची नसून कामाची आहे.

हीच संगत जगाच्या दुसऱ्या टोकाला भेटते. पोर्तुगालच्या आलेंतेजो प्रांतात डुकराचे पाय लसूण, शिरका आणि भरपूर हिरवी कोथिंबीर घालून करतात आणि पावाबरोबर खातात. लसूण व द्राक्षांच्या आंबट द्रवाची ही पोर्तुगीज जोडी १५१० नंतर गोव्यात आली, माडाच्या सुरेच्या शिरक्याने द्राक्षासवाची जागा घेतली, त्यात मिरची पडली, आणि विंदालू तयार झाले. फिलिपिन्समध्ये पाय शिरक्यात शिजवतात तेव्हा बरोबर सुकवलेले केळफूल घालतात, हे कोकणातील वाचकाला मौजेचे वाटेल. केळफुलाचा तुरटपणा आणि त्याचे धागे त्या गुळगुळीत रश्शात दाताला काही काम देतात.

एवढ्यावरून पायांना आंबटच लागते असा नियम कोणी काढील, तर तोही घाईचा ठरेल. इटलीतील मोदेना येथे पायाच्या कातडीत कुटलेले मांस भरून शिजवतात आणि नववर्षाला मसुरांबरोबर वाढतात. तेथे मसूर कोरडेपणाने तो स्निग्ध रस शोषून घेतात. पियेर कॉफमन ह्या फ्रेंच आचाऱ्याने लंडनमध्ये प्रसिद्धीस आणलेल्या भरलेल्या पायात मोरेल नावाची आळंबी असतात. त्यांच्या जाळीत रस साठतो. फ्रान्समधील सेंत-मेनू गावात पाय इतका वेळ शिजवतात की हाडेसुद्धा खाता यावीत, आणि मग त्यांना पावाचा चुरा लावून भाजतात. तेथे मोहरी येते ती बाजूने. खरी जोडी मऊ आतल्या भागाची आणि कुरकुरीत कवचाची. (सोळावा लुई १७९१ साली पळून जात असता ह्या गावी पाय खाण्यासाठी रेंगाळला आणि म्हणून पकडला गेला, ही आख्यायिका चविष्ट आहे, पण विश्वसनीय नाही. येथील टपालचौकीच्या द्रुए नावाच्या अधिकाऱ्याने त्याला ओळखले आणि पुढे व्हारेन येथे तो अडवला गेला, एवढे खरे.) कोरियात सोया आणि आले घालून शिजवलेले पाय खारवलेल्या बारीक कोळंबीला लावून पानात गुंडाळून खातात. तेथे मीठ, समुद्राचा वास आणि पानाचा थंड ओलावा तिन्ही एकदम त्या चिकटपणाला भिडतात.

ह्या सर्व पाककृतींत समान काय आहे? स्थायी म्हणावे असे जे काही आहे, ते येथे चव नसून स्पर्श आहे. बाकीची द्रव्ये त्याला मारतात, शोषतात किंवा विरोध करतात. त्याच्यासारखी होण्याचा प्रयत्न क्वचितच करतात. पानकरसाच्या दृष्टांतात गूळ, मिरी आणि आंबट ही सर्व द्रव्ये विरघळून एकजीव होतात. पायांच्या रश्शात तसे होत नाही आणि होऊ नये. शिरका शेवटपर्यंत शिरका राहिला पाहिजे. संयोगातून एकच अखंड आस्वाद सिद्ध होतो, ही कल्पना काव्याच्या बाबतीत कितीही उपकारक असो, पाकक्रियेतील तिचा आधार आपण समजतो तितका भक्कम नाही.

आता मराठीकडे वळावे. आपल्या गृहिणींना हे तत्त्व अपरिचित नाही: भेंडीच्या भाजीत आमसूल पडते आणि अळूच्या पातळ भाजीत चिंच, ती उगाच नव्हे. उणीव आहे ती शब्दांची. बुळबुळीत, गिळगिळीत, लिबलिबीत, चिकट: हे शब्द उच्चारताच नाक मुरडले जाते. लुसलुशीत हा गौरवाचा शब्द आपण कोवळ्या भाजीसाठी आणि शहाळ्याच्या मलईसाठी राखून ठेवला. खरवसाचे थरथरणे आपल्याला आवडते, पण त्या थरथरण्याला नाव नाही. तैवानात दाताखाली लवचीकपणे परतणाऱ्या पदार्थाला 'क्यू' म्हणतात आणि ती प्रशंसा असते. तेथे वाढदिवशी आणि अरिष्ट टळावे म्हणून पाय व बारीक शेवया खातात. जपानीत जिलेटिनाच्या हेलकाव्याला 'पुरुपुरु' म्हणतात, तेही कौतुकाने.

आपल्या शब्दांतील ही किळस केवळ पदार्थाच्या गुणधर्मातून आलेली आहे असे मानणे भोळेपणाचे होईल. डुक्कर कोणी पाळावे, कोणी खावे आणि खाणाऱ्याला कोठे बसवावे, ह्याचे निर्णय महाराष्ट्रात जातीने केले, आणि पाककृतींची पुस्तके लिहिणारे हात बहुधा ह्या निर्णयांच्या वरच्या बाजूला होते. शाहू पाटोळे ह्यांनी २०१५ मध्ये मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीवरील आपल्या पुस्तकाला 'अन्न हे अपूर्णब्रह्म' असे नाव दिले, त्यातील एका अक्षराने बदललेला अर्थ सौंदर्यमीमांसकांनीही मनावर घ्यावयास हवा. आस्वादाची परिभाषा जेथे काहींच्याच ताटावरून घडते, तेथे उरलेल्या ताटांतील गुण दोषांच्या नावानेच नोंदले जातात.

शब्द मात्र सर्वस्वी नाहीत असेही नाही. बकऱ्याच्या पायांचा मिरी घातलेला रस्सा अशक्ताला आणि हाड मोडलेल्याला देण्याची चाल आपल्याकडे सर्वत्र आहे. तो रस्सा चांगला जमला की ओठाला ओठ चिकटतो, असे खाणारे सांगतात, आणि हे सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रार नसते. तेथे 'चिकट' हा शब्द तोच आहे, पण मापाचा झाला आहे. रस्सा ओठाला चिकटत नसेल, तर पाय आणखी तासभर चुलीवर ठेवतात.