बांधण्याची परवानगी आणि नसलेले घड्याळ : मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017, कलम 97 चे वाचन

कायद्याचे कलम वाचताना आपण बहुधा ते कशाला मनाई करते एवढेच टिपून ठेवतो. कलम 97 वाचताना आणखी एक प्रश्न मनाशी धरा : ही मनाई मोडली गेली, तर ते कोणाच्या आणि कधी लक्षात येईल?

आधी पार्श्वभूमी. 6 ऑगस्ट 2001 रोजी पहाटे तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, त्यामुळे त्यांना पळता आले नाही. 28 जणांचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. त्या वेळी 1987 चा मानसिक आरोग्य अधिनियम लागू होता. रुग्णाची विटंबना करू नये, त्याला क्रूर वागणूक देऊ नये, असे त्यातील कलम 81 सांगत होते. रुग्णाला बांधण्याची वेळ आलीच तर ते कोणाच्या परवानगीने आणि किती काळ, याची चौकट मात्र त्यात नव्हती.

29 मे 2018 पासून लागू झालेल्या नव्या अधिनियमाने ती आखली. कलम 95 नुसार साखळीने बांधणे कोणत्याही स्वरूपात निषिद्ध आहे. कलम 97 एकांतकोठडीला मनाई करते. शारीरिक बंधन वापरायचे तर दोन अटी आहेत : रुग्णाला किंवा इतरांना होऊ घातलेली तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा उपाय नसणे, आणि उपचार करणाऱ्या प्रभारी मनोविकारतज्ज्ञाची परवानगी. शिक्षा किंवा धाक म्हणून बांधता येत नाही. केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणूनही बांधता येत नाही. माझ्या मते ही शेवटची अट या कलमातील सर्वांत धाडसी आहे, कारण वॉर्डात रात्री एक परिचारिका आणि एक मदतनीस असताना नेमके हेच कारण पुढे येते, फक्त नोंदवहीत ते ‘रुग्ण आक्रमक होता’ असे लिहिले जाते.

आणि इथेच कलमाची कमकुवत बाजू दिसते. बंधनाची पद्धत, कारण आणि कालावधी यांची तात्काळ नोंद करण्याची जबाबदारी आस्थापनेच्याच प्रमुखावर आहे. नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाने निवडलेल्या किंवा कायद्याने ठरलेल्या व्यक्तीला, 24 तासांच्या आत कळवायचे. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला दरमहा अहवाल पाठवायचा. क्रम पाहा : बाहेरच्या माणसाला ही गोष्ट कळेपर्यंत पट्टे बहुधा सुटलेले असतात. देखरेख आहे, तीही आस्थापनेच्याच वैद्यकीय कर्मचाऱ्यांची.

आणि कालावधी? ‘अत्यावश्यक असेल त्याहून अधिक काळ नाही’, एवढेच. किती वेळाने परवानगीचा फेरविचार करायचा, याचा आकडा कलमात नाही. शेजारी जर्मनीचे उदाहरण ठेवून पाहा. तिथल्या संघराज्य घटनात्मक न्यायालयाने 24 जुलै 2018 रोजी असा निर्णय दिला की, रुग्णाला पाच किंवा सात ठिकाणी पट्ट्यांनी जखडून ठेवायचे आणि तो काळ साधारण अर्ध्या तासापेक्षा जास्त असेल, तर न्यायाधीशाचा आदेश हवा. जखडणे म्हणजे स्वातंत्र्य हिरावणे, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे अशी गोष्ट उपचाराच्या कक्षेतच राहते आणि डॉक्टरांच्या सहीवर संपते.

यावर एक आक्षेप विचारात घ्यायला हवा. तास ठरवून दिले तर तेवढे तास बांधणे हाच रिवाज पडेल, असे म्हणता येते. तो धोका खरा आहे. पण मर्यादेचा उपयोग बांधण्याची मुभा मोजण्यासाठी करायचा नाही. ठरावीक वेळाने दुसऱ्या कोणीतरी, ज्याने पहिली परवानगी दिली नाही अशा तज्ज्ञाने, रुग्णाजवळ येऊन पाहावे यासाठी ती हवी. शिवाय भारतात प्रत्येक प्रसंगी न्यायाधीश आणणे व्यवहार्य नाही, हे मान्य केले तरी दुसरा डॉक्टर मागणे अवाजवी नाही.

मसुद्यातील एक विसंगती सहज नजरेतून सुटते. पोटकलम (1) एकांतात कोंडण्याला पूर्ण मनाई करते, तर पोटकलम (5) ‘एकांतवास किंवा बंधन’ यांचा प्रत्येक प्रसंग प्रतिनिधीला कळवायला सांगते. जे घडताच कामा नये त्याची सूचना कशी द्यायची? परीक्षेत हा मुद्दा केवळ ‘मसुद्यातील चूक’ म्हणून सोडू नका. एखाद्या आस्थापनेचा वकील त्याचा आधार घेऊन काय म्हणेल, तेही लिहा.

आणखी एक पोकळी औषधांची. हात न बांधता गुंगीच्या इंजेक्शनने माणसाला दिवसभर खाटेवर पाडून ठेवता येते. कलम 97 फक्त ‘शारीरिक’ बंधनाबद्दल बोलते. इंग्लंडमधील मनोरुग्णालयांसाठी 2018 मध्ये झालेला बळाच्या वापराविषयीचा कायदा शारीरिक, यांत्रिक आणि रासायनिक बंधन तसेच एकांतवास हे सगळे एकाच व्याख्येत घेतो. आपल्याकडे पट्ट्यांवरचे नियम कडक आणि सुईबद्दल मौन, अशी स्थिती आहे. नियम कडक झाले की वापर मौन असलेल्या बाजूला सरकणे स्वाभाविक आहे.

यातील काही दुरुस्त्यांसाठी संसदेकडे जावे लागेल; ‘शारीरिक’ हा शब्द विनियमाने बदलत नाही. पण पोटकलम (8) केंद्रीय प्राधिकरणाला या कलमाच्या अंमलबजावणीसाठी विनियम करण्याचा अधिकार देते. फेरतपासणी किती वेळाने, कोणी करायची आणि नोंदीत रात्रपाळीला किती कर्मचारी हजर होते हे लिहायचे का, एवढ्या गोष्टी त्यातून ठरवता येतात.