तोंड फिरवलेला बाप

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछाप चित्रांचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. या छापखान्याचे पहिले चित्र ‘शकुंतला जन्म’. मेनका तान्ही मुलगी पुढे करते आहे आणि विश्वामित्र हात आडवा धरून तोंड फिरवतो आहे.

शकुंतला आपल्याला परकी नाही. फोर्ट विल्यम कॉलेजात काझिम अली ‘जवान’ यांनी १८०१ मध्येच तिला उर्दूत आणले. म्हणून हे चित्र मी मूळ कथेशी ताडून पाहिले, तर फरक दिसला. महाभारतात मेनका मुलीला मालिनी नदीकाठी सोडून निघून जाते. दोष आईच्या पदरी पडतो. कालिदासाच्या नाटकात जन्माची हकिकत अनसूया सांगते, तीही संकोचाने अर्धवट सोडून. बापाने समोरासमोर नाकारल्याचा प्रसंग दोन्हीकडे नाही. चित्रकाराने तो स्वतः रचला आणि जाब बापाकडे वळवला.

कुणी याला वैराग्य म्हणेल. पण तो हात नीट पाहा. वैरागी माणसाला डोळे झाकावे लागत नाहीत. पाचव्या अंकात गरोदर शकुंतलेला दुष्यंत ओळख देत नाही. त्याला निदान शापाचे कारण आहे; इथे तेही नाही.

उणीवही सांगितली पाहिजे. मेनकेच्या चेहऱ्यावर फक्त विनवणी आहे, संताप नाही. हावभाव नाटकी आहेत. फ्रेंच चित्रकार देलाक्रवा यांनी १८२८ मध्ये गटेच्या ‘फाउस्ट’साठी सतरा शिळाचित्रे केली; त्यांत अंधार आणि वादळ आहे. इथे सारे नीटनेटके आहे. मात्र देलाक्रवांची चित्रे महागड्या ग्रंथात राहिली, रविवर्म्यांची भिंतीवर आली. एकेका रंगासाठी वेगळा दगड लागे, पण एकदा दगड तयार झाले की पुष्कळ प्रती निघत, म्हणून प्रत स्वस्त. ज्या शिळाप्रेसवर आपली उर्दू किताबे निघाली, तिचेच हे भावंड.

काशीमीऱ्यात मी उर्दू शाळेत शिकवते. जून महिन्यात एखादी आई एकटीच मुलीचा दाखला करायला येते. फॉर्मवर वडिलांच्या सहीची जागा कोरी असते आणि मान खाली असते ती आईची. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या या छापील कागदात मान वळली आहे ती बापाची. एवढ्यासाठी तरी हे चित्र आपण पुन्हा पाहावे.