घटना ताजी, कविता कच्ची

मुंबईत काही आक्रीत घडले की तासाभरात त्यावरची मराठी कविता फोनवर येऊन पडते. २०१९ साल दिंडोशीच्या आसपास राहणारे विसरलेले नसतील. १ जुलैच्या रात्री मुसळधार पावसात कुरारजवळच्या पिंपरीपाड्यात, मालाड टेकडीवरच्या जलाशयाच्या आवाराची भिंत झोपड्यांवर कोसळली आणि तीसच्या आसपास माणसे गेली. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरच्या रात्री आरेत मेट्रो कारशेडसाठी झाडे तोडायला सुरुवात झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली तोवर दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झाली होती. दोन्ही वेळा कवितांचा नुसता पाऊस पडला. त्यातले काय टिकले, असे विचारले तर आपल्याला डोके खाजवावे लागते.

याचे खापर कवींच्या संवेदनशीलतेवर फोडणे सोपे आहे, पण खरे नाही. ज्यांनी लिहिले त्यांना वाईट वाटलेच होते. गडबड झाली ती टिपण आणि कविता यांच्यातले अंतर संपल्यामुळे. जे वहीत राहायला हवे होते, तेच कविता म्हणून बाहेर पडले.

कवीने रोजच्या घडामोडींवर लिहावे, ही मराठीत जुनी आणि चांगली रीत आहे. शांता शेळके यांनी आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग’मध्ये नोकरी केली आणि पुढे स्तंभलेखनही केले. साधे वाक्य वेळेत लिहून देण्याची शिस्त त्यांच्या गद्यात शेवटपर्यंत दिसते. दिलीप चित्रे यांचे ‘तिरकस आणि चौकस’ हे शीर्षकच कवीने भोवतालाकडे कसे पाहावे ते सांगून जाते. नामदेव ढसाळांनी ‘सर्व काही समष्टीसाठी’ हे सदर लिहिले. त्यातली राजकीय मते न पटणारे वाचकही ते वाचत. आजच्या पिढीत नीरजा आणि प्रज्ञा दया पवार यांनी कवितेसोबत वैचारिक गद्य नेटाने चालू ठेवले आहे. या सगळ्यांनी मत मांडायचे ते गद्यात मांडले आणि कवितेला निराळे काम दिले.

बातमी कवितेत आणण्याच्या दोन वाटा मराठीत आधीच मळलेल्या आहेत. पहिली अरुण कोलटकरांची. नापाम बॉम्बने होरपळलेल्या व्हिएतनामी मुलीचे, किमचे, जगभर गाजलेले छायाचित्र १९७२ सालचे. कोलटकरांच्या ‘भिजकी वही’त ती येते, आणि तो संग्रह निघाला २००३ मध्ये. दरम्यान बातमी शिळी झाली आणि दुःख तेवढे शिल्लक राहिले. दुसरी वाट ढसाळांची. ‘गोलपिठा’ही १९७२ चाच, पण त्याला थांबण्याची गरज नव्हती. त्या कवितांमधली वस्ती कवीच्या अंगवळणी होती, तिथली भाषा त्याच्या तोंडी होती. थोडक्यात, कवीकडे काळ तरी हवा किंवा ठिकाण तरी हवे. दोन्ही नसताना लिहिलेली कविता कच्ची राहते.

उपनगरातल्या कवीकडे यातले ठिकाण आहे, पण तो ते वापरत नाही, ही माझी मुख्य तक्रार. गिरणगावाला नारायण सुर्वे मिळाले, कामाठीपुऱ्याला ढसाळ, काळा घोड्याला कोलटकर. नव्वदनंतर ‘अभिधानंतर’च्या आसपासच्या कवींनी, विशेषतः हेमंत दिवटे यांनी, ब्रँड, कर्जाचे हप्ते आणि धावपळ यांनी पिचलेला महानगरी मध्यमवर्ग कवितेत आणला. ते मोठेच काम होते. पण महामार्गाच्या पूर्वेची टेकडी, तिच्यावरच्या झोपड्या, आरेतले वारली पाडे, मृणाल गोरे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली नागरी निवारा परिषदेची घरे आणि शेजारची चित्रनगरी हा सगळा ऐवज अजून जवळपास कोराच आहे.

पिंपरीपाड्याचेच बघा. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ वेधशाळेने ३७५ मिलिमीटर पाऊस नोंदवला. वर टेकडीवर शहराच्या पिण्याच्या पाण्याचा साठा, खाली पिंपात पाणी भरून ठेवणारी वस्ती आणि मध्ये भिंत. भिंतीमागे पावसाचे पाणी तुंबले आणि तिच्यासकट खाली आले. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतल्या रहिवाशांच्या पुनर्वसनाचा उच्च न्यायालयाचा आदेश १९९७ चा, तरी अनेक कुटुंबे तिथेच होती. एवढे सगळे हाताशी असताना कवितेत उतरते काय? ‘निष्ठुर व्यवस्था’, ‘आभाळ फाटले’, ‘गरिबाचा संसार’. हे शब्द कुठल्याही गावच्या कुठल्याही पुराला चालतात. नकाशावरून पिंपरीपाडा पुसला तरी त्या कवितेचे काही अडत नाही.

आरेचीही तीच गत. झाडांसाठी हळहळलेला कवी एप्रिल २०२२ पासून दिंडोशी स्थानकातून मेट्रो पकडतो. त्याची मार्गिका वेगळी, कारशेडचा वाद वेगळ्या मार्गिकेचा, हे खरे. पण गारेगार डब्यात बसून झाडांची आठवण काढताना जो अवघडलेपणा येतो, तो कवितेत कुठेच नाही. कविता झाडाच्या बाजूने उभी राहून मोकळी होते, कवी स्वतः मात्र तिच्यातून नामानिराळा राहतो.

दुसरी उणीव संपादकाची. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडले. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांकडून पुन्हा पुन्हा लिहून घेत, याचा राग अनेकांना होता आणि त्यातला काही रास्तही होता. पण कवितेला ‘अजून झाली नाही’ असे सांगणारे कोणीतरी होते. पुढे धुळ्याहून पुरुषोत्तम पाटलांनी ‘कवितारती’तून हे काम निगुतीने केले. आता कविता थेट वाचकांपर्यंत जाते, शंभर अंगठे मिळवते आणि दुरुस्तीची वेळ निघून जाते.

घाईत लिहिलेले निदान धीट तरी असते म्हणावे, तर तेही नाही. वसंत दत्तात्रेय गुर्जरांच्या ‘गांधी मला भेटला’वरचा खटला १९९४ च्या प्रकाशनातून उद्भवला आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. कवीची त्यातून तेव्हाही सुटका झाली नाही. असा धोका ज्या कवितेत असतो, ती तरी कोणाला झोंबते. आजच्या बहुतेक तात्कालिक कवितांवर सगळ्यांचे आधीच एकमत झालेले असते.

तेव्हा दिंडोशी, कुरार, संतोषनगरच्या कवींना एकच सांगणे आहे. रोज लिहा, घडेल त्यावर लिहा, मत द्यायचे तर सरळ गद्यात आणि नावानिशी द्या. कविता मात्र एक पावसाळा वहीत ठेवा. पुढच्या जूनमध्ये ती काढून वाचा, आणि तिच्यातून दिंडोशी वगळून काहीच बिघडत नसेल, तर छापायला देऊ नका.