मंगळाचे कालवे : एका खोट्या ठरलेल्या ग्रंथाचें पुनर्वाचन

एखादा शास्त्रीय ग्रंथ खोटा ठरला म्हणजे तो वाचण्याचें प्रयोजन संपलें, असें सामान्यतः समजलें जातें. कादंबरी जुनी झाली तरी तिला वाचक मिळतो. काव्य तर जुनें होऊन कधीं कधीं अधिकच गोड लागतें. परंतु चुकलेलें शास्त्र म्हणजे गेल्या वर्षाचें पंचांग, अशी आपली समजूत आहे. आम्हांस ही समजूत मान्य नाहीं. खऱ्या ठरलेल्या ग्रंथापासून आपण वस्तुस्थिति शिकतों. खोट्या ठरलेल्या चांगल्या ग्रंथापासून विचाराची वाट कोठें चुकते तें शिकतों. पर्सिव्हल लॉवेल ह्या अमेरिकन ग्रंथकाराचा १९०६ सालीं प्रसिद्ध झालेला ‘मार्स अँड इट्स कॅनॉल्स’, म्हणजे ‘मंगळ आणि त्यावरील कालवे’, हा अशा प्रकारचा ग्रंथ आहे. गेल्या साठ वर्षांत अंतराळयानांनीं ग्रहांविषयीं जें शिकविलें त्याचें मर्म ह्या ग्रंथाशेजारीं ठेवून पाहिलें असतां जितकें उघड होतें, तितकें शोधांच्या नुसत्या यादीनें होत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. १८७७ सालीं मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ आला असतां मिलान येथील वेधशाळेंतून जिओव्हान्नी स्कियापारेली ह्या ज्योतिर्विदानें त्याचे वेध घेतले. मंगळाच्या तांबूस बिंबावर त्याला बारीक काळसर रेषा दिसल्या, व त्यांस त्यानें ‘कानाली’ असें नांव दिलें. इटालियन भाषेंत ह्या शब्दानें निसर्गतः पडलेल्या चराचाही बोध होतो; परंतु इंग्रजींत त्याचा ‘कॅनॉल’ झाला, आणि कालवा म्हटला कीं तो खणणारा आलाच! सुवेझचा कालवा खुला होऊन तेव्हां अवघीं आठ वर्षें झालीं होतीं; मनुष्याच्या कर्तबगारीची मोजणी कालव्यांनीं व्हावी असाच तो काळ होता.

लॉवेल हा बोस्टन शहरांतील एका श्रीमंत घराण्यांत १८५५ सालीं जन्मला. मंगळाकडे वळण्यापूर्वीं त्यानें कोरिया व जपान ह्या देशांविषयीं ग्रंथ लिहिले होते. म्हणजे परक्या लोकांचें जीवन न्याहाळून त्याचें वर्णन करण्याची हातोटी त्याला आधींच साधली होती. १८९४ सालीं त्यानें अ‍ॅरिझोनांतील फ्लॅगस्टाफ येथें, तेथील निरभ्र आकाश व स्थिर हवा पाहून, स्वखर्चानें वेधशाळा उभारली. मंगळावर त्याचे तीन ग्रंथ आहेत. त्यांतील हा मधला ग्रंथ त्यानें स्कियापारेलीलाच अर्पण केला आहे.

ग्रंथाचे गुण आधीं सांगणें हें परीक्षकाचें कर्तव्य आहे. लॉवेलची भाषा डौलदार आहे, आणि तिला धीरही आहे. तो वाचकाला एकदम मंगळवासीयांपुढें नेऊन उभा करीत नाहीं. ध्रुवांवरील पांढरे टोप, उन्हाळ्यांत त्यांचें आक्रसणें, निळसर-हिरवे प्रदेश, तांबडीं वाळवंटें, अशा पायऱ्यापायऱ्यांनीं तो वर चढवीत नेतो. मंगळ पृथ्वीपेक्षां लहान, म्हणून लवकर निवालेला व लवकर म्हातारा झालेला ग्रह. त्याचे समुद्र आटले, आणि उरलेलें पाणी ध्रुवांवर बर्फाच्या रूपानें राहिलें. वसंतांत बर्फ वितळतें आणि ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे काळोखी छटा पसरत जाते; ती हिरवळ असली पाहिजे. पाणी इतकें दूर आपण होऊन वाहणार नाहीं. तेव्हां तें कोणी तरी नेत असलें पाहिजे. रेषा सरळ आहेत, त्यांची रुंदी सारखी आहे, त्या ठराविक ठिकाणीं एकमेकींस मिळतात. तेव्हां त्या म्हणजे कालव्यांकाठची लागवड असली पाहिजे. आणि सबंध ग्रहभर कालव्यांचें एकच जाळें असेल, तर तेथील लोकांनीं आपसांतील युद्धें केव्हांच टाकून दिलीं असलीं पाहिजेत. तहानेनें मरूं घातलेल्या एका शहाण्या समाजाचें हें चित्र वाचतांना आजही मन हेलावतें, हें आम्ही प्रांजलपणें कबूल करतों.

आतां दोषांकडे वळूं. ग्रंथाचे चार भाग आहेत. पहिल्याचा विषय मंगळावरील नैसर्गिक विशेष, दुसऱ्याचा अनैसर्गिक विशेष. रेषा कृत्रिम आहेत हें सिद्ध करण्यासाठीं ग्रंथ लिहावयाचा, आणि त्या जेथें वाचकापुढें यावयाच्या त्या भागाच्या मथळ्यावरच त्यांस अनैसर्गिक म्हणावयाचें, हें साक्षी होण्यापूर्वींच निकालपत्र लिहून ठेवण्यासारखें आहे. प्रत्येक ‘असलें पाहिजे’ पुढच्या ‘असलें पाहिजे’ला जन्म देतें. परंतु ह्या सांखळीची पहिली कडी, म्हणजे रेषा खरोखर आहेत किंवा नाहींत, ती ओढून पाहण्याचें काम लॉवेलनें मुख्यतः आपल्याच डोळ्यांवर सोंपविलें. आणि त्या डोळ्यांना काय पाहावयाचें तें आधींच ठाऊक होतें.

ती कडी इतरांनीं ओढून पाहिली होती. ग्रीनिच येथील वेधशाळेंतील मॉंडर ह्यानें १९०३ सालीं शाळकरी मुलांपुढें मंगळाच्या बिंबाचीं चित्रें ठेवलीं. त्यांत रेषा नव्हत्या, विस्कळित ठिपके व डाग मात्र होते. दूर बसलेल्या मुलांनीं त्यांच्या ज्या नकला काढल्या त्यांत सरळ रेषा उमटल्या! डार्विनबरोबर नैसर्गिक निवडीचें तत्त्व मांडणारा आल्फ्रेड रसेल वॉलेस ह्यानें १९०७ सालीं, वयाच्या ८४ व्या वर्षीं, ह्या ग्रंथाचें परीक्षण लिहावयास घेतलें आणि त्याचें एक लहानसें पुस्तकच झालें. लॉवेलच्या हिशेबानें मंगळाची हवा दक्षिण इंग्लंडइतकी सौम्य होती. वॉलेसनें दाखविलें कीं, सूर्यापासून इतक्या दूर आणि इतक्या विरळ वातावरणांत उष्णता टिकणारच नाहीं, व वाळवंटांतून उघडे कालवे नेल्यास त्यांतील पाणी मुक्कामास पोंचण्यापूर्वींच नाहींसें होईल. १९०९ सालीं पॅरिसजवळील म्यूदों येथील मोठ्या दुर्बिणींतून अँतोनियादी ह्यानें मंगळ पाहिला, तेव्हां रेषांच्या जागीं त्याला तुटक व अनियमित डाग आढळले. म्हणजे एकही यान उडण्यापूर्वीं लॉवेलच्या ग्रंथास पुरेसें उत्तर मिळालें होतें. परंतु सुंदर गोष्ट ऐकण्यांत गुंगलेल्या कानांपर्यंत रूक्ष आक्षेप सहसा पोंचत नाहींत, आणि कालवे लोकांच्या मनांत आणखी अर्धें शतक वाहत राहिले.

ते आटले १९६५ च्या जुलै महिन्यांत. अमेरिकेचें मरिनर-४ हें यान मंगळापासून सुमारें ९,८०० किलोमीटर अंतरावरून गेलें, व जातांना त्यानें २१ पूर्ण छायाचित्रें टिपलीं. एकेक चित्र पृथ्वीवर उतरण्यास आठ तासांहून अधिक वेळ लागे. आणि चित्र तरी कसलें, तर आंकड्यांच्या रांगा! यंत्रानें त्या आंकड्यांचें चित्र करून देईपर्यंत धीर न धरवून तेथील मंडळींनीं आंकड्यांच्या पट्ट्या फळ्यावर लावल्या आणि रंगीत खडूंनीं हातानें रंगविल्या. मंगळाचें जवळून घेतलेलें पहिलें चित्र असें बालवर्गांतील मुलाच्या रीतीनें रंगविलेलें आहे, ह्या गोष्टीचें आम्हांस फार कौतुक वाटतें. पुढें सर्व चित्रें हातीं आलीं तेव्हां त्यांत कालवे नव्हते. चंद्रावर असतात तशीं विवरें होतीं. वातावरणाचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या शेंकडा एकाहूनही कमी भरला.

येथेंच गोष्ट संपती तर कल्पकाचा पराभव व यंत्राचा जय, असें तिचें सोपें तात्पर्य निघालें असतें. परंतु पुढें जें घडलें तें आम्हांस अधिक बोधप्रद वाटतें. त्या २१ चित्रांत मंगळाच्या पृष्ठाचा सुमारें शेंकडा एक एवढाच भाग आला होता. तेवढ्यावरून मंगळ हा चंद्रासारखाच मृत गोळा आहे, असें मत सर्वत्र पसरलें. १९७१ च्या नोव्हेंबरांत मरिनर-९ हें यान मंगळाभोंवतीं फिरूं लागलें, तेव्हां सबंध ग्रह धुळीच्या वादळानें झांकला होता. कांहीं आठवड्यांनीं धूळ बसली, आणि तींतून पृथ्वीवरील कोणत्याही पर्वताहून मोठा ज्वालामुखी, सुमारें ४,००० किलोमीटर लांबीची दरी, आणि कोरड्या नद्यांचीं पात्रें डोळ्यांपुढें आलीं. मंगळावर पाणी वाहिलें होतें. कोणी खणलेल्या कालव्यांतून नाहीं, तर अब्जावधि वर्षांपूर्वीं, आपल्याच वाटेनें. २०१२ सालीं गेल नांवाच्या विवरांत उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीला प्रवाहांत घासून गुळगुळीत झालेले खडे सांपडले. लॉवेलच्या रेषांचा ह्या पात्रांशीं कांहीं संबंध नाहीं, तेव्हां ‘अखेर लॉवेलच खरा’ असें म्हणण्याची सोय नाहीं. वसंतांतील ती काळोखी छटाही हिरवळ नसून वाऱ्यानें इकडून तिकडे जाणारी धूळ होय. परंतु ज्यांनीं शंभरांतील एक पान वाचून ग्रंथाचा निकाल दिला, त्यांनीं लॉवेलला हंसण्याचें कारण नव्हतें. त्यानें मंगळाला पृथ्वी केलें, ह्यांनीं चंद्र केलें; मंगळाला मंगळ राहूं देण्यास दोघेही तयार नव्हते.

ग्रहांच्या शोधानें शिकविलेली सर्वांत मोठी गोष्ट आमच्या मतें हीच आहे. शुक्राचें उदाहरण घ्या. ढग आहेत म्हणून पाणी असणार, पाणी आहे म्हणून दलदल व दाट वनस्पति असणार, असें आऱ्हेनियससारख्या थोर रसायनशास्त्रज्ञानें लिहिलें होतें. १९७० सालीं व्हेनेरा-७ हें रशियन यान तेथें उतरलें. शुक्राच्या पृष्ठावर सुमारें ४६० अंश सेल्सिअस उष्णता आणि पृथ्वीच्या नव्वद पट दाब आहे, व त्याचे ढग गंधकाम्लाचे आहेत, हें आतां निश्चित झालें आहे. यंत्रें आलीं म्हणून आपली खोड गेली असेंही नाहीं. १९७६ सालीं व्हायकिंग यानानें मंगळावरून पाठविलेलें पहिलें रंगीत छायाचित्र प्रसिद्ध झालें, तेव्हां त्यांतील आकाश निळें होतें. रंगांचा मेळ पुन्हां नीट बसवून पाहिल्यावर तें गुलाबी ठरलें. आकाश निळेंच असावयाचें, ही आपली संवय यानाच्याही आधीं तेथें जाऊन पोंचली होती!

मग कल्पनेला हद्दपार करावें काय? मुळींच नाहीं. वेल्सनें १८९८ सालीं मंगळवासीयांची कादंबरी लिहिली. तिचें मरिनरनें कांहींच बिघडविलें नाहीं, कारण तिनें वाचकाकडे विश्वास मागितला होता तो गोष्टीपुरता. शास्त्रांतही कल्पनेवांचून चालत नाहीं. १९७९ च्या मार्च महिन्यांत तीन शास्त्रज्ञांनीं गणित करून लिहिलें कीं, गुरूच्या ओढीनें आयो हा त्याचा उपग्रह आंतून पिळवटला जाऊन तापत असला पाहिजे, व तेथें ज्वालामुखी असण्याचा संभव आहे. त्यानंतर आठवडाही लोटला नाहीं, तोंच व्हॉयेजर-१ नें घेतलेल्या छायाचित्रांत आयोवरील ज्वालामुखीचा फवारा दिसला. येथेंही ‘असलें पाहिजे’च होतें. परंतु हें ‘असलें पाहिजे’ सादृश्यावर उभें नव्हतें, कारणावर उभें होतें. आणि खोटें ठरण्याची तारीख त्यानें स्वतःच जवळ आणून ठेवली होती.

आमच्या वाचकांपैकीं कोणी म्हणतील, ह्या परक्या ग्रंथाचें आम्हांस काय? परंतु मंगळाच्या बिंबावर आपल्या मनांतील रेषा ओढणारा लॉवेल एकटा नाहीं. २४ सप्टेंबर २०१४ रोजीं सकाळीं भारताचें मंगळयान पहिल्याच प्रयत्नांत मंगळाभोंवतीं फिरूं लागलें, तेव्हां घरोघरीं आनंद झाला, आणि तो रास्तच होता. मात्र त्यांतील कित्येक घरांत मुलीला मंगळ आहे म्हणून चांगलें स्थळ हातचें जात होतें, आणि आजही जातें. लॉवेलनें निदान दुर्बिणीला डोळा लावला होता, आणि त्याच्या चुकीनें कोणाचें लग्न मोडलें नाहीं. आकाशांतील धुळीनें भरलेल्या त्या थंड ग्रहाला आपल्या मुलींचीं नांवें ठाऊक नाहींत, एवढें जरी त्या यानानें आपल्याला पटविलें, तरी त्याचा सारा खर्च वसूल झाला असें आम्ही म्हणूं.

म्हणून हा ग्रंथ वाचावा, अशी आमची शिफारस आहे. मुलांच्या हातीं तर अवश्य द्यावा, पण मरिनरचीं चित्रें शेजारीं ठेवून. चांगल्या गद्यानें मन कसें जिंकलें जातें आणि जिंकलेलें मन तपासणें कसें विसरतें, हें त्यांना एकाच बैठकींत कळेल. आपल्या पूर्वजांनीं मंगळाला भौम, म्हणजे भूमीचा पुत्र, म्हटलें. लॉवेलनें तें नातें जणूं शब्दशः घेतलें, व मुलाच्या चेहऱ्यांत आईचा चेहरा शोधीत तो आयुष्यभर दुर्बिणीशीं बसला. त्याच्या प्रेमाबद्दल आम्हांस शंका नाहीं. परंतु मूल आईपेक्षां निराळें निघालें, तर त्याच्याकडे तें जसें आहे तसें पाहणें हेंही प्रेमच आहे, आणि तें अधिक कठीण आहे.