कणमापन आणि 'आकार' या शब्दाची अडचण

विज्ञानाच्या मराठी लेखनात कणाविषयी लिहिताना 'आकार' हा शब्द दोन अर्थांनी योजला जातो. कण गोल आहे की लांबट, हाही 'आकार' आणि तो किती मोठा आहे, हाही 'आकार'च. 'आकारमान' म्हणावे तर शालेय विज्ञानात तो शब्द घनफळासाठी रूढ आहे. उर्दूत 'शक्ल' आणि 'जसामत' असे दोन निराळे शब्द असल्याने हा घोटाळा कमी होतो. मराठीतील ही संदिग्धता केवळ शब्दापुरती नाही. तिच्यामुळे मापनामागील विचारच झाकला जातो.

सुरतेच्या हिरेबाजाराचे उदाहरण घ्यावे. पैलू पाडलेले बारीक हिरे गोल छिद्रांच्या चाळण्यांतून वेगळे केले जातात. 'प्लस अकरा', 'मायनस दोन' ही तेथील भाषा. हे आकडे मिलिमीटर नव्हेत, चाळणीचे क्रमांक होत. लांबट खडा उभा राहिला की अरुंद बाजूने छिद्रातून उतरतो. म्हणजे चाळणीने मोजली ती रुंदी, लांबी निसटली. लेसर विवर्तनाचे यंत्र विखुरलेल्या प्रकाशावरून, कण गोल आहेत असे मानून व्यास काढते. हवेतील पीएम २.५ या संज्ञेतील २.५ मायक्रोमीटर हा तर वायुगतिकीय व्यास होय. कण हवेत ज्या वेगाने खाली बसतो, त्याच वेगाने बसणाऱ्या, पाण्याइतक्या घनतेच्या गोलाचा तो व्यास. एकाच लांबट कणाला या तीन पद्धती तीन उत्तरे देतील आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतील.

पृष्ठभागाचेही तसेच आहे. १ सेंमी बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौ. सेंमी, त्याचे १ मिमी बाजूचे १००० घन केले तर एकूण ६० चौ. सेंमी. परंतु कणांना सूक्ष्म छिद्रे असतील, तर बाहेरच्या मापांवरून केलेले हे गणित अपुरे पडते. तेव्हा ब्रुनॉअर, एमेट व टेलर यांच्या १९३८ च्या पद्धतीने, अतिशीत तापमानाला कणांवर किती नायट्रोजन चिकटतो यावरून पृष्ठफळ काढले जाते.

सुरत महानगरपालिकेच्या शाळांत मराठी व उर्दू ही दोन्ही माध्यमे आहेत. अशा शाळांतून महाविद्यालयात आलेला विद्यार्थी 'पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रोमीटरपर्यंत आकाराचे कण' असे लिहून गुण मिळवतो. कोणत्या मापाने, हे त्याला कोणी विचारत नाही. ते शिक्षकांनी विचारावे. 'आकार' हा शब्द रूपासाठी राखावा. मापासाठी 'व्यास' म्हणावे आणि तो कसा मोजला हे त्यासोबतच सांगावे : चाळणी-व्यास, वायुगतिकीय व्यास. त्याशिवाय आकडा पूर्ण झाला असे मानू नये.