पाच ताऱ्यांत न मावणारा कौल

उदगीरच्या किल्ल्यात संध्याकाळी फिरायला गेलं की बुरुजाच्या सावलीत चार-सहा पोरं मोबाइलमध्ये माना घालून बसलेली दिसतात. पोरांच्या तोंडी मराठी, उर्दू, कानडी असं सगळं मिसळलेलं असतं. हे गाव सीमेवरचं आहे. मी त्यांच्यापासून थोड्या अंतरावर बसून ऐकतो. ‘गन भारीय, पण रिकॉइल आवरत नाही.’ ‘मागच्या अपडेटपासनं मॅपची मजा गेली, आता निस्त्या स्कीन विकायला बसलेत.’ ‘हा बॉट आहे रे, माणूस असा पळत नाही.’ एकानं हत्याराचा तोल तपासला, दुसऱ्यानं रचनेतली घसरण आणि तिच्यामागचा बाजार ओळखला, तिसऱ्यानं खोटं पात्र खऱ्यापासून वेगळं केलं. नाटकाच्या मध्यंतरात चहा पिताना प्रेक्षक याहून वेगळं काय बोलतात? ही समीक्षा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. व्हिडिओ गेम या कलेची मराठीत होणारी जवळजवळ सगळी समीक्षा अशीच तोंडी होते आणि हवेत विरते.

या तोंडी समीक्षेचा पहिला निकष परदेशी परीक्षकांच्या लेखात सहसा नसतो. तो म्हणजे, ‘आपल्या मोबाइलवर चालतो का?’ २०१७ च्या अखेरीस ‘फ्री फायर’ आला आणि २०१८ मध्ये ‘पबजी मोबाइल’. पबजीत शंभर जण उतरत, सामना अर्ध्या तासापर्यंत लांबे, मैदान मोठं आणि चित्रण देखणं. फ्री फायरमध्ये पन्नास जण आणि दहा-एक मिनिटांचा डाव. जाणकार म्हणवणारे फ्री फायरला हलका, पोरकट समजत. पण तो एक-दोन जीबी रॅमच्या फोनवर चालायचा आणि घरात एकच फोन असेल तर बापाने मागायच्या आत डाव संपायचा. लहान गावांतल्या पोरांनी तो उचलला तो या हिशेबाने. मी या निवडीला गरिबीची तडजोड म्हणणार नाही. तंबूतल्या तमाशात मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचणं हा कलेचाच भाग असतो, तसंच हे आहे. ‘लै हँग मारतंय’ हा शेरा यंत्रावर मारलेला वाटतो. खरं तर तो गेम बनवणाऱ्याने आपला खेळाडू कोण हे ओळखलं नाही, या चुकीवरचा शेरा असतो.

याआधीच्या पिढीची, म्हणजे सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजणाऱ्यांची, समीक्षा आणखी ठोस होती. ती हातांनी केलेली होती. ‘आयजीआय’, ‘व्हाइस सिटी’, ‘काउंटर-स्ट्राइक’ हे सगळे गेम बहुतेकांनी नकली सीडीवरच खेळले. दुकानातला अस्सल डबा कुणी पाहिलेलाही नसायचा. त्या काळातला एक गेम मात्र अजून जिवंत आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा ‘क्रिकेट ०७’ २००६ च्या अखेरीस आला आणि त्यानंतर कंपनीने क्रिकेटचा गेम काढणंच सोडून दिलं. आयपीएल सुरू झाली २००८ मध्ये. म्हणजे त्या गेममध्ये आयपीएल असणं शक्यच नव्हतं. पण भारतीय उपखंडातल्या खेळाडूंनी ती घातली. त्यांनी नवे संघ, नवे गणवेश, नवी मैदानं आणि नव्या खेळाडूंचे चेहरे बनवले आणि दर हंगामाला पॅच काढून फुकट वाटले. ज्या गेमला प्रकाशकाने वाऱ्यावर सोडलं, तो खेळणाऱ्यांनी वर्षानुवर्षं सांभाळला. एखाद्या कलाकृतीवर याहून मोठा अभिप्राय मला माहीत नाही. याची नोंद आपल्याकडच्या कुठल्याही सांस्कृतिक इतिहासात मला सापडलेली नाही, याचं वाईट वाटतं.

आता अ‍ॅप आणि गेमच्या ऑनलाइन दुकानांकडे येतो, कारण खेळाडूंच्या मनातला खरा सल तिथे आहे.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलसह चीनशी संबंधित ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. ३० ऑक्टोबरला भारतातली सेवा पूर्ण थांबली. त्या गेममध्ये पोरांनी यूसी विकत घेतले होते, म्हणजे खऱ्या रुपयांचं खेळातलं चलन. त्यातून बंदुकीचे रंग, पात्रांचे पोशाख घेतले होते. वाढदिवसाचे, यात्रेचे, मामाने हातावर ठेवलेले पैसे त्यात होते. जुलै २०२१ मध्ये पबजीच्या मालक कंपनीने, क्राफ्टनने, ‘बीजीएमआय’ ही त्याची भारतीय आवृत्ती आणली, जुनं खातं तिकडे नेण्याची सोय केली, आणि ज्यांनी मुदतीत ते केलं त्यांचं वाचलं. १४ फेब्रुवारी २०२२ ला फ्री फायर बंदीत गेला. २८ जुलै २०२२ ला बीजीएमआयही गूगल आणि अ‍ॅपल या दोन्ही दुकानांतून उतरवला गेला आणि मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या चाचणीवर परतला. ‘फ्री फायर इंडिया’ ऑगस्ट २०२३ च्या शेवटी जाहीर झाला, महेंद्रसिंह धोनी त्याचा चेहरा झाला, आणि ठरलेली तारीख तोंडावर असताना तो पुढे ढकलला गेला.

बंदी योग्य की अयोग्य, हा इथे मुद्दा नाही. विदासुरक्षेचा प्रश्न खोटा नव्हता. मुद्दा असा की दुकानातून जे घेतलं ते आपलं नसतं, हा धडा मराठवाड्यातल्या आठवी-नववीतल्या पोरांनी २०२० मध्येच गिरवला. युरोप-अमेरिकेतल्या खेळाडूंनी तो मोठ्या आवाजात म्हटला २०२४ मध्ये. त्या वर्षी ३१ मार्चला युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या गेमचे सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम लोकांच्या हातात मृत झाला. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली, आणि २०२५ च्या जुलैत तिच्या युरोपीय निवेदनाने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियाने कायदा केला की आपण वस्तू विकतो की नुसता परवाना, हे दुकानाने सांगितलं पाहिजे. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या दुकानाने पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ घातलीसुद्धा. आपल्याकडे अनुभव आधी आला आणि शब्द मात्र आलेच नाहीत. आमच्या भाच्याचं एका गेममधलं खातं कारण न देता बंद झालं, तेव्हा त्याने मला विचारलं, ‘मामा, तक्रार कुणाकडं करायची?’ कंपनीच्या मदतकक्षाचं उत्तर इंग्रजीत आणि साचेबंद होतं. तो पुढे काही बोलला नाही, पण त्या दिवसापासून त्याने कुठल्याच गेममध्ये एक रुपया घातलेला नाही. त्याचा निकाल लागलेला आहे; तो लिहिला गेला नाही, एवढंच.

जो निकाल लिहिला जातो तो ताऱ्यांत. ताऱ्यांची भाषा फार तोकडी आहे आणि आपण ती नीट वापरलीही नाही, हे कबूल केलं पाहिजे. २०१७ मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखाच्या कथित विधानावर चिडलेल्या भारतीयांनी नावातलं साम्य पाहून स्नॅपडील या खरेदीच्या अ‍ॅपलाच एक-एक तारा दिला. मे २०२० मध्ये टिकटॉकवर एक-तारा शेऱ्यांचा असा पाऊस पडला की गूगलने लाखो शेरे काढून टाकले. गेमच्या बाबतीत उलटंही झालं. २६ जानेवारी २०२१ ला ‘फौजी’ आला, तो देशप्रेमाच्या लाटेवर. पहिल्या काही दिवसांत खेळायच्या आधीच पाच तारे पडले. मग लोक खेळले, बंदुकाच नाहीत, डाव एकसुरी आहे हे दिसलं आणि तारे झपाट्याने घसरले. प्रेमाने दिलेले पाच आणि रागाने दिलेला एक, दोन्हींत गेमविषयी काहीच कळत नाही. झेंड्याला पाच तारे जरूर द्यावेत. पण गेम हा गेम म्हणूनच तोलला पाहिजे.

तरीही संख्येची ताकद नाकारता येत नाही. मे २०२४ मध्ये सोनीने ‘हेलडायव्हर्स २’ खेळणाऱ्यांना प्लेस्टेशनचं खातं सक्तीचं केलं. जगातल्या कितीतरी देशांत ते खातं उघडताच येत नव्हतं. स्टीमवर दोन लाखांहून जास्त नापसंतीचे शेरे पडले आणि तीन दिवसांत सोनीने निर्णय मागे घेतला. तिथे नुसता राग नव्हता. शेऱ्यांत मुद्दा होता, नेमकी अट कोणती आणि ती कुणाला बाहेर काढते हे स्पष्ट लिहिलेलं होतं. मुद्दा धरून लिहिलं की मोठ्या कंपनीलाही मागे सरावं लागतं.

आपल्याकडच्या निर्मितीची स्थिती पाहू. या कलेचं महाराष्ट्रातलं मोठं केंद्र पुणे आहे. नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ हा माझ्या मते आजवरचा सर्वांत मनापासून केलेला भारतीय गेम. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी २०२० मध्ये गेम आला आणि त्याच वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनापर्यंत पोचला. खेळाडूंनी त्याला जो न्याय दिला तो नमुनेदार होता. वाडे, मंडप, सावल्यांच्या खेळातून सांगितलेल्या कथा यांचं मनमोकळं कौतुक. आणि सोबत, लढाई अडखळते, उडी चुकते, गेम फार लवकर संपतो, ही रोखठोक तक्रार. मला दोन्ही मान्य आहेत. पुढच्या सुधारित आवृत्तीत लढाई दुरुस्त झाली आणि हिंदी आवाज आले. तक्रार ऐकणारा निर्माता मिळाला की समीक्षा कामाला येते, याचं हे आपल्या घरचं उदाहरण.

सुपरगेमिंगचा ‘इंडस’ हा पबजीच्या वळणाचा गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. त्याच्यामागे एक कोटीहून जास्त आगाऊ नोंदण्या होत्या. माझं त्याच्याविषयीचं मत थंड आहे: वेशभूषा भारतीय, सांगाडा परका. ‘रिअल क्रिकेट’ बनवणाऱ्या पुण्याच्या नॉटिलसचा ताबा २०२५ मध्ये क्राफ्टनने घेतला. पैसा येतो आहे, हे चांगलंच आहे. पण खेळाडूंच्या बोलण्यात ‘आता जाहिराती वाढणार’ ही धास्ती मी ऐकतो, आणि ती अनुभवातून आलेली आहे.

आपण स्वतः मात्र या कलेला अजून वेगळं नावही दिलेलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैशांच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. कायद्याने जो फरक केला तो आपल्या बातम्या करत नाहीत. रमीत शेत गमावलेला माणूस आणि ‘राजी’ खेळणारी मुलगी, दोघांनाही आपण ‘ऑनलाइन गेमच्या आहारी’ या एकाच मथळ्याखाली बसवतो. व्यसन खरं आहे, त्याने घरं पोळली आहेत, हे मी जवळून पाहिलं आहे. पण दारूच्या दुकानाची आणि रसवंतीची बातमी एकच होऊ शकत नाही.

भाषेचं दुसरं दुखणं दुकानांतच आहे. स्टीमचं दुकान तिसेक भाषांत वाचता येतं. त्यांत थाई आहे, व्हिएतनामी आहे. हिंदी नाही, मराठी नाही. पण आपल्या भाषेवरच गेम उभा राहू शकतो. टोरांटोतल्या तमिळ मुळाच्या निर्मात्याने ‘वेनबा’ हा इडली-डोसे करणाऱ्या आईचा छोटा गेम २०२३ मध्ये आणला, आणि पुढच्या वर्षी त्याला पदार्पणाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. आईची तमिळ त्यात ओघवती दिसते आणि परक्या भाषेतलं बोलणं तुटक. मराठी कुटुंबं परदेशांत कमी नाहीत, आणि पुण्यात कसबही आहे; मग असा गेम मराठीत का नसावा?

उदगीरच्या ज्या किल्ल्यात ती पोरं बसतात त्या परिसरात ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला, आणि तिथून सैन्य पुढे पानिपतच्या वाटेला लागलं. २००९ चा ‘एम्पायर: टोटल वॉर’ हा ब्रिटिश गेम मराठ्यांचा पक्ष घेऊन खेळता येतो. उदगीरची लढाई मात्र माझ्या पाहण्यातल्या एकाही गेममध्ये नाही. त्या पोरांना मी हे सांगितलं तेव्हा ती अर्धा तास वाद घालत बसली: तोफा कुठून डागायच्या, निजामाची फळी कशी फोडायची, पावसाळा धरायचा की हिवाळा, दोन जीबीच्या फोनवर घोडदळ किती दाखवता येईल.

२०२२ मध्ये याच उदगीरने ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवलं होतं. नियतकालिकांच्या संपादकांना आणि पुढच्या संमेलनांच्या आयोजकांना माझी विनंती आहे: या पोरांसाठी एक पान, एक परिसंवाद राखून ठेवा. आणि तुमच्या घरात कुणी खेळत असेल तर त्याला सांगा, तारा देऊन थांबू नकोस. फोन कुठला, किती तास खेळलास, काय आवडलं, कुठे फसवल्यासारखं वाटलं, हे चार ओळींत, मराठीत लिही.