दूषित स्थळांच्या शुद्धीकरणाची मानके : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
भोपाळ दुर्घटना १९८४ ची. मात्र त्या कारखान्याच्या आवारातील ३३७ टन विषारी कचरा तेथून हलविण्यास २०२५ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी जुलै महिन्यात केंद्र शासनाने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. जिल्हा प्रशासनाने संशयित स्थळांचा सहामाही अहवाल द्यावा आणि शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषकाने सोसावा, ही त्यांतील तत्त्वे निश्चितच स्वागतार्ह आहेत. तथापि, माती शुद्ध झाली असे नेमके केव्हा म्हणावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार उमरखेड तालुक्यातील ढाणकी परिसर डोळ्यांसमोर ठेवून केला आहे.

मानकांमागील गृहीतके :
शुद्धीकरणाचे मानक निसर्गात सापडत नाही. ते ठरवावे लागते. एखादी व्यक्ती किती काळ आणि कोणत्या मार्गाने दूषित मातीच्या संपर्कात येईल, हे गृहीत धरूनच आकडा निघतो. कोडाईकनाल येथे २००१ मध्ये बंद पडलेल्या थर्मामीटर कारखान्याच्या जागेसाठी एक किलो मातीत २० मिलिग्रॅम पारा ही मर्यादा स्वीकारण्यात आली. लगतच्या अरण्याचा विचार करता ती शिथिल असल्याचा आक्षेप घेतला गेला. हा वाद केवळ गणिताचा नव्हता. कोणाचे जीवित गृहीत धरावे, याचाही होता.

मातीचा गुणधर्मही तितकाच महत्त्वाचा ठरतो. नेदरलँड्सची मानके १० टक्के सेंद्रिय द्रव्य व २५ टक्के चिकणमाती असलेल्या प्रमाण मृदेवर आधारलेली आहेत. अन्य मातीसाठी त्यांत दुरुस्ती करावी लागते. आपल्या काळ्या जमिनीत चिकणमाती अधिक व सेंद्रिय द्रव्य अत्यल्प असते. शिवाय उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरते. त्यामुळे उसन्या आकड्यांवर विसंबणे धोक्याचे आहे.

ढाणकीचा संदर्भ :
२०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्या वेळी चर्चा प्रामुख्याने फवारणीच्या सुरक्षिततेभोवती फिरली. माती व विहिरींचा प्रश्न मागे पडला. विहिरीच्या काठी औषध कालवणारा, ओल्या मातीत अनवाणी चालणारा, बांधावर भाकरी खाऊन त्याच विहिरीचे पाणी पिणारा शेतमजूर एकाच दिवसात अनेक मार्गांनी विषाच्या संपर्कात येतो. मानक ठरविताना हा माणूस गृहीत धरला जातो काय?

दुसरी अडचण 'स्थळ' या संकल्पनेतच आहे. कारखान्याला कुंपण असते, मालक असतो. शेतातील प्रदूषण विखुरलेले असते आणि तेथे फवारणी करणारा स्वतःच पीडितही असतो. प्रदूषकाने खर्च सोसावा हे तत्त्व येथे यांत्रिकपणे लावल्यास, विष विकणारा सुटेल व विष पिणारा दंड भरेल.

निष्कर्ष :
१) काळ्या मातीसाठी स्वतंत्र मानके विदर्भातील प्रत्यक्ष नमुन्यांवरून ठरवावीत.
२) संपर्काची गणना शेतमजुराच्या दिनक्रमावरून करावी.
३) जिल्ह्याच्या सहामाही अहवालात कीटकनाशकांची जुनी गोदामे, रिकाम्या डब्यांच्या विल्हेवाटीच्या जागा व शेतातील विहिरी यांचा समावेश असावा.
४) शुद्धीकरण पूर्ण करण्यास निश्चित कालमर्यादा असावी.

आकडा कागदावर कितीही काटेकोर असला, तरी त्या मातीत राबणाऱ्याचे रक्षण होत नसेल, तर त्यास मानक म्हणता येणार नाही.